जुन्या घाटाच्या गाडीचे अंतरंग

अमरावतीच्या पश्चिमेस, पेढी नदीच्या खोऱ्यात वसलेल्या भातकुलीचे नाव परंपरेने भोजकटाशी जोडले जाते, आणि त्या भोजकटाच्या पुराणकथेच्या मुळाशी एक रथ आहे. कौंडिण्यपुराहून रुक्मिणीला घेऊन निघालेल्या श्रीकृष्णाच्या मागे तिचा बंधू रुक्मी आपला रथ पिटाळीत धावला, पराभूत झाला, आणि बहिणीला परत आणल्यावाचून राजधानीत पाऊल टाकणार नाही या प्रतिज्ञेने बांधला गेल्यामुळे त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसविले, अशी ती कथा. रथ कसे धावले, बाण कसे सुटले, हे कथेकरी रंगवून सांगतात. रथात उभे राहणाऱ्याच्या पायांखाली काय होते, ऊन आणि धूळ यांना आडोसा कशाचा होता, हे मात्र कोणी सांगत नाही. वाहनाच्या अंतर्भागाची ही उपेक्षा जुनीच आहे. तिला एक सन्मान्य अपवाद पाणिनीचा: वस्त्राने, पांढुरक्या कांबळ्याने, बिबट्याच्या अथवा वाघाच्या कातड्याने मढविलेल्या रथांना काय म्हणावे याचे नियम त्याने आपल्या व्याकरणात वेगळे सांगितले आहेत, आणि त्यावरून रथ मढविणे हा त्या काळीही लोकांच्या नित्य परिचयाचा उद्योग असला पाहिजे, असे अनुमान निघते.

जुन्या घाटाची मोटार स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातांनी उभारण्याची हौस आजही महाराष्ट्रात आढळते. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी लोहारकाम करणाऱ्या एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जमवून सुमारे ६०,००० रुपयांत एक छोटी जीप घडविली. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली, तेव्हा उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिच्या मोबदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि पुढील महिन्यात ती त्या कुटुंबाच्या हवाली झालीही. अशा गाड्यांची जी चित्रे प्रसिद्ध होतात त्यांत गोल दिवे, पुढची जाळी, मडगार्ड आणि चाके यांचेच कौतुक असते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु गाडीचे बहिरंग पाहणाऱ्याचे असते व अंतरंग बसणाऱ्याचे, आणि पाहणारा क्षणभर थांबून निघून जातो, तर बसणाऱ्याला तासन्‌तास तेथेच काढावे लागतात. म्हणून अंतरंगाचे काम म्हणजे उंची कातडे आणि चकाकते लाकूड, हा समज प्रथम बाजूस सारला पाहिजे. दिसणारी सजावट ही त्यातली सर्वांत शेवटची आणि सर्वांत सोपी गोष्ट होय; तिच्याखाली जे कायमचे झाकले जाते, त्या कामावरच ती गाडी रस्त्यावर नांदणार की ताडपत्रीखाली पडून राहणार, याचा निकाल लागतो.

वऱ्हाडाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. मोटारी येण्यापूर्वी या प्रांतात बायकामुलांच्या प्रवासासाठी छताची दमणी जुंपली जात असे, आणि मालाच्या बंडीहून तिचे वेगळेपण दिसे ते मुख्यतः तिच्या आतल्या तजविजीत. लोखंडी धावेची चाके रस्त्यातला प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पोचवीत. म्हणून तळाशी गवताचा अथवा कडब्याचा थर, त्यावर गादी, गादीवर जाजम, वर उन्हाला अटकाव करणारे छत आणि बाजूंना वारा येऊ देणारा पण धूळ अडविणारा पडदा, अशी ती योजना असे. धक्का शोषणारा थर सर्वांत खाली, देहाला सुख देणारा त्यावर, आणि धुऊन स्वच्छ करता येणारा सर्वांत वर, हा क्रम दमणीने ज्या अनुभवातून पत्करला, त्याच अनुभवातून मोटारीच्या आसनाचा क्रमही सिद्ध झाला आहे. मोटारयुगाच्या आरंभीही कारखान्यातून चाके, यंत्र व सांगाडा येई आणि त्यावरची खोली सुतार-लोहार बांधीत; १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेलेल्या राज्य परिवहनाच्या पहिल्या बसचे अंग लाकडी व छप्पर कापडी होते, आणि पुढे दापोडी, चिकलठाणा व नागपूरजवळील हिंगणा येथील परिवहनाच्या कार्यशाळांनी गाडीचे अंग बांधण्याची ही विद्या जोपासली.

हत्यार हाती घेण्यापूर्वी कायद्याचा कागद वाचणे इष्ट. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीच्या दाखल्यात नमूद असलेल्या तपशिलाशी, म्हणजे निर्मात्याने मुळात ठरविलेल्या रचनेशी, विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. आसनांचे कापड बदलणे, छताचे अस्तर नवे लावणे, पायपोस घालणे यांस या कलमाची आडकाठी येण्याचे कारण नाही. परंतु आसनांची संख्या दाखल्यात नोंदलेली असल्यामुळे दोन आसनांच्या जागी चार मांडणे हा केवळ सजावटीचा मामला उरत नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या दुर्मीळ वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले: वाहन ५० वर्षांहून जुने असावे, त्याच्या सांगाड्यात, अंगात वा यंत्रात भारी फेरफार झालेला नसावा, अशा वाहनास राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक, २०,००० रुपये शुल्क आकारून, १० वर्षांच्या मुदतीने मिळतो, आणि नित्याच्या अथवा व्यापारी वापराची त्यास मुभा नसते. भंगारातून नव्याने घडविलेल्या गाडीस, तिचा घाट कितीही जुना असला तरी, या नियमांचा लाभ नाही. देवराष्ट्रेची जीप नियमांत बसत नसल्याने अधिकारी ती आज ना उद्या थांबवतील, असे महिंद्र यांनीही त्याच वेळी स्पष्ट म्हटले होते. यास्तव नोंदणीचे चालू दप्तर असलेली जुनी जीप अथवा फियाट घेऊन तिचे मूळ अंग राखणे आणि हौस अंतरंगात पुरविणे, हा मार्ग अधिक निर्वेध होय.

हवामानाचा हुकूम कायद्याहूनही कडक असतो. परदेशी पुस्तकांतून जुन्या गाड्यांच्या सजावटीचे जे आदेश मिळतात ते थंड व ओलसर हवेत जन्मलेले आहेत. अमरावती-अकोल्याच्या वैशाखात पारा ४५ अंशांकडे झेपावतो, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतली हवा त्याहूनही पुष्कळच तापते. अशा उष्म्यात साधे सोल्यूशन लावून छताला चिकटविलेले कापड सैल होऊन डोक्यावर लोंबू लागते, हलक्या डांबरी पट्ट्या वितळून घरंगळतात, आणि तेल-मलमाची निगा न मिळालेले कातडे कोरडे पडून तडकते. काळ्या जमिनीची धूळ मैद्याहून बारीक असते व फटीफटींतून आत शिरते; तीच माती श्रावणात बुटांना चिकटून गाडीत येते आणि ओल धरून बसते. या सर्वांवर कडी करणारी गोष्ट म्हणजे भातकुली-दर्यापूरकडचा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजलात क्षार फार. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने गाडीचा तळ धुतला, तर पाणी उडून जाते पण क्षार सांध्यांत राहतात, हवेतील दमटपणा पुन्हापुन्हा ओढून घेतात आणि पत्र्याला आतून गंज चढवितात. म्हणून या भागात गाडीचा अंतर्भाग धुवावयाचा असेल तर नळाच्या गोड्या पाण्याने अथवा साठविलेल्या पावसाच्या पाण्याने धुवावा, आणि शक्य तेथे धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसूनच भागवावे.

कामाचा आरंभ तळाच्या पत्र्यापासून. जुनी आसने, पायपोस, अस्तर सर्व काढून तळ उघडा केला की त्याची खरी अवस्था समजते. वर रंग शाबूत आणि खाली पत्रा चाळणी, असे दृश्य विरळा नसते. सडलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने सांधावा, केवळ वरून ठिगळ लावू नये, कारण दोन पत्र्यांमधील फट हे ओलीचे हक्काचे घर ठरते. जोडकामानंतर गंजरोधक प्रायमर, सांध्यांत सीलर, मग रंग, असा क्रम असावा. आणि तळाला पाणी निघून जाण्यासाठी मुळात ठेवलेली भोके, जी अनेक कारागीर उत्साहाच्या भरात बुजवून टाकतात, ती रबरी बुचांसह जतन करावीत.

तळ पक्का झाला की आसनांची जागा ठरवावी, आणि ती कागदावर नव्हे तर प्रत्यक्ष बसून ठरवावी. जुन्या गाड्या आजच्या मानाने अरुंद असतात, त्यांचे चक्र मोठे व छातीजवळ येणारे असते, आणि हौशी निर्माता बहुधा आसन सुंदर करण्याच्या नादात ते दोन-तीन इंच जाड करून बसतो. परिणामी डोके छताला टेकते आणि मांड्या चक्रात अडकतात. म्हणून प्रथम प्लायवुडची ओबडधोबड बैठक करून ती योग्य उंचीवर ठेवावी, वर नियोजित जाडीची फोमची लादी टाकावी आणि जो गाडी हाकणार त्यालाच बसवून तपासावे: क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहतो काय, चक्र व छाती यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर उरते काय, पुढच्या काचेतून रस्ता वाकल्यावाचून दिसतो काय. बैठक मागच्या बाजूस थोडी उतरती आणि पाठ उभ्या रेषेपासून २० ते २५ अंश कललेली असली म्हणजे कमरेवरचा भार पाठ वाटून घेते. या मापांना एकदा अंतिम रूप मिळाले की मगच आसनांचे पाय ठोकावेत.

आता विजेच्या तारांचा विषय. त्या अस्तराच्या आत जावयाच्या असल्याने अस्तराच्या आधीच टाकल्या पाहिजेत, ही गोष्ट उघड असूनही ती विसरली जाते आणि मग नवे कोरे अस्तर फाडण्याचा प्रसंग येतो. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपसारख्या अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या असत. १२ व्होल्टवर नेताना दिवे, मोटारी व मीटर त्यास अनुकूल आहेत की नाहीत, याची खातरजमा आवश्यक. प्रत्येक मंडलास स्वतंत्र फ्यूज असावा, आणि तो दिव्याच्या नव्हे तर तारेच्या शक्तीशी जुळणारा असावा, कारण फ्यूजचे कर्तव्य तारेस आगीपासून वाचविणे हे आहे. तार पत्र्यातून पार होते त्या प्रत्येक छिद्रास रबरी कडे बसवावे. गाडीच्या कंपाने पत्र्याची धार तारेचे आवरण महिनोन्‌महिने कापीत राहते, आणि एके दिवशी धूर निघाल्यावरच ते कळते.

तारांनंतर आवाज व उष्णता यांचा बंदोबस्त. हे दोन्ही शत्रू एकाच दिशेने, म्हणजे यंत्र, गिअरपेटी व धुराड्याच्या नळीकडून येत असले तरी त्यांचे निवारण एकाच पदार्थाने होत नाही. पातळ पत्र्याचा थरथराट थांबविण्यासाठी त्यावर वजनदार ब्युटाइल पट्टी चिकटवितात. ती सर्वत्र लावण्याची गरज नसते, पत्र्याच्या मध्यभागी काही अंशानेच लावली तरी नाद मंदावतो. उष्णता अडविण्यासाठी मात्र हलका, हवा कोंडून धरणारा थर लागतो, आणि तो बंद छिद्रांच्या फोमचा असावा. उघड्या छिद्रांचा स्पंज व साधा नमदा पाणी शोषून पत्र्यास ओले ठेवतात. यंत्राच्या बाजूच्या भिंतीवर याच थरास ॲल्युमिनियमचा पदर जोडला म्हणजे किरणांची उष्णता बऱ्याच अंशी परावृत्त होते.

आसनाचे काम हा या सर्व खटाटोपाचा गाभा, आणि वऱ्हाडच्या माणसाला त्यात विशेष गोडी वाटावी असे त्यात काही आहे, ते म्हणजे कापूस. जुन्या मोटारींच्या आसनांत लोखंडी चौकटीवर स्प्रिंगांची रांग, तिच्यावर जाड गोणपाट, त्यावर घोड्याच्या केसांचा अथवा काथ्याचा थर, मग कापसाची पातळ लादी आणि शेवटी कापड वा कातडे, अशी घडण असे. यातील प्रत्येक थराला काम आहे. गोणपाट स्प्रिंगांना वरचा भराव गिळू देत नाही. केस वा काथ्या दबून पुन्हा उभारी घेतो आणि हवा खेळती ठेवतो. कापूस स्प्रिंगांचे उंचवटे झाकतो, घाम टिपतो व कापडाला गोलाई देतो. कापसाचा दोष हा की तो भाराने बसतो आणि एकदा बसला की पिंजल्यावाचून उठत नाही. म्हणून केवळ कापसाने भरलेली गादी घरी ठीक, गाडीत नव्हे, तेथे त्याची योजना वरच्या थरापुरतीच असावी. आज केसांच्या जागी रबर लावलेल्या काथ्याची लादी मिळते, आणि फोम वापरावयाचा तर बैठकीस दर घनमीटरला सुमारे ४० किलोग्रॅम घनतेचा, पाठीस त्याहून हलका घ्यावा. कमी घनतेचा स्वस्त फोम दुकानात मऊ लागतो आणि वर्षभरात तळाशी टेकतो.

वरच्या आवरणाची निवड ही खरी परीक्षा. कातडे दिसण्यात राजस, पण येथल्या उन्हात निगेची फार तसदी देणारे; रेक्झिन धुळीला व चिखलाला उत्तम, कारण एका फडक्याने स्वच्छ होते, परंतु दुपारी चटका देते व पाठीला घामाने चिकटते; सुती कापड देहाला सर्वांत सुखाचे, पण मळते. आपल्या देशाने या पेचावर काढलेली तोड जुन्या सरकारी ॲम्बॅसडरमध्ये कित्येकांनी पाहिली असेल: खाली टिकाऊ रेक्झिन आणि वर काढून धुता येणारे पांढरे सुती अभ्रे. पांढरा रंग ऊन परतवितो, सूत घाम टिपते, आणि मळलेला अभ्रा परीट घेऊन जातो. त्यात लालफितीची जी आठवण मिसळली आहे ती वगळली, तर उष्ण प्रदेशातील आसनासाठी याहून शहाणी योजना सापडणे कठीण. जाड जीनचे, फिक्या मातकट रंगाचे, कडेला गोट घातलेले असे अभ्रे जुन्या घाटाच्या गाडीला शोभूनही दिसतात. शिवताना उभ्या पट्ट्यांच्या शिवणीत थोडा भराव सोडला म्हणजे पट्ट्या फुगीर येतात; मात्र हे काम आसनाच्या कुशनवाल्याकडूनच करवावे, कारण त्याचे यंत्र जाड थर शिवणारे व त्याचा हात ताण ओळखणारा असतो.

छताचे अस्तर जुन्या गाड्यांत डिंकाने चिकटविलेले नसे. आडव्या कमानींवर ओवलेल्या पट्ट्यांना ते टांगलेले असे आणि मध्यापासून कडांकडे ताणीत नेऊन बसविले जाई. वऱ्हाडी उन्हाळ्यात हीच रीत निर्धोक. दारांच्या आतील फळ्या ३ मिलिमीटर हार्डबोर्डच्या करतात. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरतेच, ते खालच्या भोकांतून निघून जावे व फळी भिजू नये म्हणून तिच्यामागे जाड प्लास्टिकचा पडदा लावावा लागतो. डॅशबोर्ड लाकडी करावयाचा तर परतवाड्याच्या लाकूडबाजारातील, मेळघाटच्या बाजूचे जुने, पूर्ण मुरलेले सागवान घ्यावे. ओले लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात उकलते. प्लायवुडवर सागाचा पातळ पापुद्रा लावणे अधिक स्थिर असते, पण त्याच्या कडा रंगाने वा वार्निशाने बंद केल्या पाहिजेत.

सौंदर्याच्या या विचारात जीव धोक्यात येऊ नये, एवढा विवेक हवा. विलिस जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते, त्याआधीच्या फोर्डच्या मॉडेल टीचीही तेथेच असे. अशा गाडीत सहज पेट घेणारा भराव वापरणे हा निष्काळजीपणा होय. वाहनांच्या अंतर्भागातील साहित्य किती वेगाने जळू शकते याची मर्यादा अमेरिकेने १९७२ पासून घातली, मिनिटास सुमारे १०२ मिलिमीटर. आपल्याकडेही या विषयाचे स्वतंत्र भारतीय मानक आहे. घरी कापडाचा तुकडा मोकळ्या जागेत, चिमट्यात आडवा धरून, जवळ पाण्याची बादली ठेवून पेटवून पाहिला तरी कोणते कापड विझते आणि कोणते वितळून ठिबकते, हे समजते. सुरक्षापट्टे जुन्या गाड्यांत नसत, ते जरूर बसवावेत, परंतु नुसत्या पातळ तळाला नव्हे. पत्र्याच्या खाली जाड पोलादी तबकडी देऊन अथवा सांगाड्यालाच बळकटी देऊन त्यांची टोके बांधावीत, नाहीतर अपघाताच्या क्षणी बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो आणि पट्टा असून नसल्यासारखाच ठरतो. काचाही सुरक्षा काचाच असाव्यात.

ही सर्व कामे गावातल्या अंगणात होऊ शकतात काय, असा प्रश्न येईल. पत्रा घासणे, मापे घेणे, बैठकीचा नमुना करणे, पट्ट्या चिकटविणे, फळ्या कापणे ही कामे सवडीने घरची माणसे करू शकतात. वेल्डिंग, तारांची अंतिम जोडणी, आसनांची शिवण आणि सुरक्षापट्ट्यांची बांधणी ही मात्र अमरावती-अकोल्याच्या जाणत्या कारागिरांकडे सोपवावी. त्यांच्याकडून काम घेताना एक अट आग्रहाने घालावी: झाकलेली प्रत्येक वस्तू पुन्हा उघडता आली पाहिजे. जेथे स्क्रू चालतो तेथे डिंक नको, जेथे बटण चालते तेथे शिवण नको. कारण जुन्या घाटाची गाडी म्हणजे वारंवार दुरुस्त होणारी गाडी, आणि ज्या आसनाखालची तार पाहण्यास आसन फाडावे लागते ते कितीही देखणे असले तरी अडाणी काम होय. तारांचा रंगनिहाय आराखडा, फ्यूजांची यादी, झाकण्यापूर्वी काढलेली तळाची छायाचित्रे, कापडाचा नमुना आणि कारागिरांचे पत्ते यांचे एक लहानसे दप्तर गाडीच्याच पेटीत ठेवावे. पंधरा-वीस वर्षांनी त्या गाडीखाली जो कोणी हत्यारे घेऊन शिरेल, तो बहुधा आज अंगणात पाने हाती देणारा मुलगाच असेल. त्याला अंदाजाने चाचपडावे न लागता नेमके कोठे उघडावे हे कळले, म्हणजे आजच्या मेहनतीचे चीज झाले असे समजावे.